जरा हलून बघा!

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकलीय. हॉस्टेलवर ती बहुतेक वेळा मेसच्या पनीरच्या भाजीबद्दल वापरली जाते. पण मित्रहो, या म्हणीच्याही अलीकडे एक प्रश्न आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. ‘दिसतं’ म्हणजे नेमकं काय होतं? डोळे उघडे ठेवले की दिसलं, इतकं सोपं आहे का ते?

हा प्रश्न आत्ताच काढायचं कारण म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आपली व्हीआर. सध्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये तिची चर्चा जोरात आहे. लेथ व्हीआरमध्ये, टर्बाइन व्हीआरमध्ये, उद्या व्हायवासुद्धा व्हीआरमध्ये! माहितीपत्रकावर डोळ्यांना काळा डबा लावलेल्या विद्यार्थ्याचा फोटो छापला की कॉलेज एकदम हायटेक. चर्चा निघाली की प्रश्न ठरलेले असतात. एक हेडसेट केवढ्याला पडतो? रिझोल्यूशन किती? चार्जिंग किती वेळ टिकतं? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा : तो डबा डोक्याला लावल्यावर विद्यार्थ्याला चालायला जागा किती?

हसू नका. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की पान उलटायचं ते तुम्हाला ठरवता येईल. माणूस डोळ्यांबरोबर मान, कंबर आणि पाय वापरून बघतो. स्वतः हलल्याशिवाय समोरच्या वस्तूची खोली, अंतर आणि रचना नीट कळत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला खुर्चीत बसवून दाखवलेली व्हीआर म्हणजे एक महागडं पोस्टर. आणि कॉलेजने पैसे खर्च करायचेच असतील, तर ते पोस्टरवर का करायचे?

आधी दोन फुकटचे प्रयोग

आपण इंजिनिअर. पुराव्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. म्हणून हाच अंक हातभर अंतरावर धरा. डोकं स्थिर ठेवा आणि अंक डावी-उजवीकडे भराभर हलवा, सेकंदाला दोन-तीन वेळा. अक्षरं फिसकटली ना? आता अंक स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगाने ‘नाही, नाही’ म्हटल्यासारखी मान हलवा. अक्षरं बऱ्यापैकी वाचता येतात! (रूममेटने बघितलंच तर सबमिशनचं टेन्शन आलंय म्हणून सांगा.)

डोळा आणि कागद यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती. मग फरक कशाने पडला? कानाने. आपल्या कानाच्या आतल्या भागात एकमेकींशी साधारण काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कोणत्या दिशेला किती वेगाने वळलं ते त्या ओळखतात. शिवाय सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षण ओळखणारे दोन अवयव वेगळे. म्हणजे आपल्या मोबाईलमध्ये जो जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर बसवलेला असतो, त्याची जोडी निसर्गाने फार आधीच आपल्या कानात बसवून ठेवलीय. मान वळली की हा निरोप साधारण दहा मिलिसेकंदांत डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोचतो आणि डोळे उलट्या दिशेला तेवढेच फिरतात. म्हणून अक्षर जागेवर राहतं. कागद हलवला तेव्हा कान गप्प होता, डोळे एकटे पडले आणि त्यांना जमलं नाही.

दुसरा प्रयोग. एक डोळा मिटा. एक पेन अर्ध्या हातावर आणि दुसरं हात पूर्ण लांब करून धरा. स्थिर राहून बघितलं तर दोघांत नेमकं किती अंतर आहे ते पटकन सांगता येत नाही. आता डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे न्या. जवळचं पेन लांबच्या पेनासमोरून भराभर सरकतं आणि अंतर लगेच कळतं. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. गंगापूर रोडवरून सोमेश्वरकडे जाताना बसच्या खिडकीत बसलात तर हाच प्रयोग आपोआप होतो. रस्त्याकडेचे विजेचे खांब सटासट मागे पळतात, मागची घरं जरा सावकाश, आणि लांबचे डोंगर तर आपल्याबरोबरच चालल्यासारखे वाटतात. कुणी न शिकवता मेंदू या वेगांच्या फरकावरून अंतराचं गणित मांडत असतो.

हे गणित माणसापुरतंच नाही. हॉस्टेलच्या खिडकीत घुटर्रघुम करणारी कबुतरं चालताना मान पुढे-मागे का करतात, हा प्रश्न पेपरच्या आदल्या रात्री सगळ्यांनाच पडतो. बॅरी फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये कबुतरांना ट्रेडमिलवर चालवून बघितलं. पाय चालत होते, पण आजूबाजूचं दृश्य जागच्या जागी होतं. तेव्हा कबुतरांनी मान हलवणं सोडून दिलं! म्हणजे मान हलायची ती पायांच्या तालावर नाही, डोळ्यांसाठी. डोकं झटक्यात पुढे न्यायचं आणि अंग पुढे येईपर्यंत हवेत एका जागी धरून ठेवायचं, म्हणजे तेवढा वेळ जग स्थिर दिसतं. कबुतराला जे कळतं ते आपल्या व्हीआर विकत घेणाऱ्यांना कळायला हरकत नसावी.

जरा मोठ्या मापाचं उदाहरण हवं असेल तर सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर बघा. मधे मुख्य शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची छोटी मंदिरं, असं ते पंचायतन आहे. फोटोत ही शिखरं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात तुम्ही प्रदक्षिणा घालायला लागलात की एक छोटं शिखर मोठ्यामागे लपतं, दुसरं बाहेर येतं, मधल्या मोकळ्या जागा उघडतात, आणि एका फेरीत सगळा प्लॅन डोक्यात बसतो. प्रदक्षिणेमागचा भाव श्रद्धेचा आहे, पण वास्तू समजून घ्यायची तिच्याइतकी चांगली रीत मला तरी माहीत नाही.

सुरुवात करणाऱ्यांना हे माहीत होतं

गंमत म्हणजे व्हीआर ज्यांनी सुरू केली त्यांना ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्याला लावायचा पहिला त्रिमितीय डिस्प्ले जगासमोर मांडला. तो इतका बोजड होता की छताला टांगावा लागायचा. डोकं कुठे आहे आणि कुठे वळलंय ते मोजायला छतापासून खाली आलेला एक यांत्रिक दांडा होता. दिसायचं काय, तर नुसत्या रेषांनी काढलेल्या आकृत्या. पण त्यांच्या पेपरात एक मुद्दा स्वच्छ लिहिलाय : दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणं महत्त्वाचं खरंच, पण डोकं हलल्यावर चित्र जसं बदलतं, ते त्याहून महत्त्वाचं.

पुढे याला आकडेही मिळाले. कॉलिन वेअर आणि ग्लेन फ्रँक यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवाल्यांना डेटा स्ट्रक्चर्समधला ग्राफ आठवत असेल, ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. असा गुंतागुंतीचा ग्राफ त्रिमितीत दाखवायचा आणि विचारायचं, या दोन ठिपक्यांच्या मधे वाट आहे का? साध्या सपाट चित्राच्या तुलनेत, नुसता दोन डोळ्यांचा थ्रीडी परिणाम दिला तेव्हा लोकांना १.६ पट मोठा ग्राफ समजला. थ्रीडी परिणाम न देता नुसतं डोकं हलेल तसं चित्र बदललं, तेव्हा २.२ पट. दोन्ही एकत्र दिलं तेव्हा तिप्पट. म्हणजे थ्रीडी सिनेमाचा चष्मा लावून आपण जे ‘वा!’ म्हणतो, त्यापेक्षा मान हलवण्यातून मिळणारं समजणं जास्त भरलं.

आणि या विषयात आपल्या नाशिकचा माणूस आहे, हे किती जणांना माहीत आहे? २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी ‘कुंभथॉन’मुळे नाशिककरांच्या ओळखीचे झालेले एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर मूळचे नाशिकचे, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीमधून केलेले. ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात संशोधन करत असताना १९९८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘ऑफिस ऑफ द फ्यूचर’ हा पेपर लिहिला. कल्पना अशी की डोक्यावर काही चढवायचंच नाही. खोलीच्या भिंती, टेबल, जे काही पृष्ठभाग असतील त्यांच्यावरच प्रोजेक्टरने चित्र पाडायचं. मग वेड्यावाकड्या पृष्ठभागावर पडलेलं चित्र बघणाऱ्याला सरळ कसं दिसणार? त्यासाठी बघणाऱ्याचं डोकं खोलीत कुठे आहे त्यावर सतत नजर ठेवायची आणि तो जसा फिरेल तसं चित्र बदलत न्यायचं. म्हणजे तिथेही गाभा तोच : आधी माणूस कुठे उभा आहे आणि कसा हलतोय ते बघा, चित्राचं नंतर.

मेसचं टेबल आणि मांजराची पिल्लं

आता कुणी म्हणेल, खोली कळली, अंतर कळलं, पण ‘समजणं’ यापेक्षा मोठी गोष्ट आहे. बरोबर. म्हणून आणखी दोन प्रयोग सांगतो.

पहिला डॅनियल सायमन्स आणि रँक्सियाओ वँग यांचा, १९९८ चा. एका गोल टेबलावर पाच वस्तू ठेवल्या. आपल्या सोयीसाठी समजा ताटली, ग्लास, चमचा, मीठदाणी आणि लोणच्याची बरणी. माणसाने त्या बघून घ्यायच्या. मग मधे आडोसा येतो आणि एक वस्तू गुपचूप हलवली जाते. काही वेळा माणूस स्वतः चालत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जातो, काही वेळा तो तिथेच राहतो आणि टेबल तेवढ्याच कोनातून फिरवलं जातं. डोळ्यांपुढे येणारं दृश्य दोन्ही वेळा सारखंच. तरीसुद्धा कोणती वस्तू हलली ते चालत गेलेल्या माणसाला जास्त चांगलं ओळखता येतं. स्वतः चाललं की ‘मी आता इतका वळलो’ हा हिशोब शरीर ठेवतं आणि डोक्यातला नकाशा त्याप्रमाणे फिरवून देतं. टेबल फिरलं तर हा हिशोब मिळत नाही. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ग्राफिक्समध्ये फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू काढताना आपण नेमके कुठे अडकतो? वस्तू कागदावर फिरते, आपण बाकावर बसलेले असतो. तिथेच तर.

दुसरा प्रयोग जरा क्रूर आहे. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांचा, १९६३ चा. मांजराची पिल्लं अंधारात वाढवली आणि दिवसातले काही तास जोडीजोडीने एका छोट्या पाळण्यात, म्हणजे जत्रेतल्या चक्रीसारख्या यंत्रात, ठेवली. एका पिल्लाचे पाय जमिनीवर, ते हवं तसं चालणार. दुसरं पिल्लू टोपलीत बसलेलं. पहिलं चालेल तशी टोपली फिरणार. दोघांना जवळजवळ तेच दृश्य, तेवढाच वेळ, तोच उजेड. नंतर परीक्षा घेतली. चालणाऱ्या पिल्लांना खोल बाजू कोणती, उथळ बाजू कोणती हे कळत होतं. टोपलीतल्या पिल्लांना कळत नव्हतं. डोळे दोघांचेही धड होते, पण ‘मी असा हललो की जग तसं बदलतं’ हा धडा टोपलीतल्या पिल्लाला कधी मिळालाच नाही.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? प्रॅक्टिकलचा ग्रुप! एका सेटअपभोवती पाच-सहा जण. एक जण नॉब फिरवतो, एक जण रीडिंग लिहितो, बाकीचे टोपलीत. सगळ्यांनी तेच बघितलं, जर्नलमध्ये सगळ्यांचे आकडे तेच, सह्याही सगळ्यांना मिळतात. आणि व्हायवाला ‘व्हॉल्व्ह बंद केला तर काय होईल?’ असं विचारलं की टोपलीतली मंडळी छताकडे बघतात. दोष पोरांच्या हुशारीचा नाही. त्यांचा हात कधी व्हॉल्व्हवर गेलाच नाही.

त्या प्रयोगाचा शेवट मात्र दिलासा देणारा आहे. टोपलीतल्या पिल्लांना नंतर उजेडात मोकळं फिरू दिल्यावर तीही सावरली. म्हणजे आपल्यालाही अजून आशा आहे.

मेसच्या काकांनी दिलेला निकाल

आता हे सगळं आपल्या व्हीआरला लावून बघू. आमच्या विंगमध्ये एकाने मोबाईल बसवायचा पुठ्ठ्याचा चष्मा आणला होता. त्यात एका वर्कशॉपचं दृश्य होतं, मधे लेथ. सगळ्यांचं बघून झाल्यावर मेसच्या काकांनाही लावायला दिला. काका खूश. मान इकडे वळव, तिकडे वळव, ‘अरे वा, खोलीच गायब!’ मग त्यांना लेथच्या मागे काय आहे ते बघायचं होतं. म्हणून ते कमरेतून वाकले आणि बाजूला झुकले. चष्मा काढून म्हणाले, “हे मशीन तर माझ्याबरोबरच सरकतंय. मागचं काही दिसूच देत नाही.”

मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर त्या साधनाला तीनच डिग्री ऑफ फ्रीडम होत्या. मान वळली, झुकली, कलली एवढंच मोबाईलच्या जायरोस्कोपला कळतं. डोकं पुढे, बाजूला किंवा खाली गेलं हे त्याला कळत नाही. म्हणजे वर आपण जे पॅरॅलॅक्स बघितलं, नेमकं तेच गायब. थ्री-सिक्स्टी व्हिडिओचंही तसंच. कॅमेरा जिथे ठेवला होता तिथून तुम्ही एक इंचही हलू शकत नाही. सहाही डिग्री ओळखणारी साधनं वेगळी असतात. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एचटीसी व्हाइव्हने खोलीभर चालायची सोय केली आणि २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्टने ती वायर आणि कॉम्प्युटर यांच्याशिवाय करून दाखवली. खरेदीच्या कागदावर ‘व्हीआर हेडसेट’ एवढंच लिहिलं की ही दोन्ही जातकुळी एकाच नावाखाली येतात. फरक काकांसारखा वाकून बघणाराच ओळखतो.

चालण्याचा फायदाही मोजलेला आहे. रॉबर्टा क्लॅट्झकी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की एका जागी बसून डोळ्यांपुढे नुसतं वळणाचं दृश्य दाखवलं तर आपण वळलो हे माणसाच्या लक्षात राहत नाही. मूळ जागेकडे तोंड करायला सांगितलं की तो चुकतो. शरीर खरंच वळलं तर चुका खूप कमी होतात. रॉय रडल आणि सायमन लेसल्स यांनी २००६ मध्ये आभासी खोलीत लपवलेल्या वस्तू शोधायला लावल्या. जे खरंच चालले त्यांनी जवळजवळ प्रत्यक्ष खोलीत शोधावं तसं शोधलं, आणि खोलीचं चित्र अगदी साधं असलं तरी त्यांचं काही अडलं नाही. जे नुसते बसून किंवा जागेवर वळून शोधत होते, ते त्याच त्याच जागी पुन्हा जात राहिले. रिझोल्यूशनवर पैसे ओतण्याआधी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं, ही नम्र विनंती.

आणि ती मळमळ! हेडसेट लावून बसल्या बसल्या रोलर कोस्टर बघितलं की पोटात ढवळतं. कसारा घाटात एसटीच्या मागच्या सीटवर ज्याने मोबाईलवर पीडीएफ वाचलीय त्याला ही भावना ओळखीची आहे. कान म्हणतो गाडी वळतेय, डोळा म्हणतो अक्षरं जागेवर आहेत. व्हीआरमध्ये उलटं, डोळा म्हणतो पडतोय आणि कान म्हणतो खुर्चीत बसलोय. दोघांची साक्ष जुळत नाही आणि शिक्षा पोटाला होते. घाटात ड्रायव्हरला मात्र सहसा त्रास होत नाही, कारण पुढचं वळण तो स्वतः घेणार असतो. व्हीआरमध्येही तुम्ही पाऊल टाकल्यावर चित्र तेवढंच आणि लगेच सरकलं तर भांडण कमी होतं. ‘लगेच’ म्हणजे किती? डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांच्या आत, असं या क्षेत्रातले लोक मानतात. सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये एका चित्राला अकरा मिलिसेकंद मिळतात. बघा गणित किती काटेकोर आहे ते.

दुसरी बाजूही ऐकू

एकतर्फी लिहिलं तर वादविवाद मंडळाचे मित्र मला सोडणार नाहीत. म्हणून विरोधातलं जे आहे ते मीच सांगतो.

एक, हलणं हा काही रामबाण नाही. वेअर आणि फ्रँक यांच्याच अभ्यासात चित्र आपोआप फिरवलं किंवा हाताने फिरवलं तरी फायदा झाला होता. म्हणजे एखाद्या वस्तूचा नुसता आकार समजायला फिरतं चित्रही पुरतं. पण आपण कुठे आहोत, कोणती गोष्ट कुणाच्या मागे आहे, हात कुठून घालायचा, हे समजायचं असेल तर शरीराचा हिशोब लागतो. प्रयोगशाळा आणि वर्कशॉप हे दुसऱ्या प्रकारातलं शिक्षण आहे.

दोन, नुसता डबा लावल्याने शिक्षण सुधारतं असंही नाही. गुइडो मक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५२ विद्यापीठ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला. विज्ञान प्रयोगशाळेचं तेच सिम्युलेशन कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणि मोबाईल बसवायच्या हेडसेटमध्ये दिलं. हेडसेटमध्ये ‘आपण तिथेच आहोत’ असं विद्यार्थ्यांना जास्त वाटलं, आणि शिकले मात्र कमी! ज्यांना व्हीआर म्हणजे जादूची कांडी वाटते त्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा. मी यातून एवढंच घेतो, की भारून जाणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात-पाय वापरायची गरज जिथे नाही तिथे साधा पडदा बरा.

तीन, सगळ्यांनाच चालता येत नाही. हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण ‘हलणं’ म्हणजे धावणं नव्हे. खुर्चीतून पुढे झुकून मशीनच्या आत डोकावणं, व्हीलचेअर स्वतः वळवणं, हातातल्या कंट्रोलरने पार्ट उचलून डोळ्यांजवळ आणणं, हे सगळं त्यात येतं. अट एकच : हालचाल त्या विद्यार्थ्याची स्वतःची हवी. त्याच्या वतीने दुसऱ्याने माऊस फिरवला की तो परत टोपलीत गेला.

मग करायचं काय?

टीका करणं सोपं असतं, हे वाक्य सर लोक म्हणायच्या आतच मी चार सूचना मांडतो.

पहिली, हेडसेट घ्यायच्या आधी खोली ठरवा. बाकं, टेबलं, वायरी काढलेली एक रिकामी खोली, भिंतीला गादी लावली तर उत्तम. चाळीस खुर्च्या आणि चाळीस स्वस्त डबे यापेक्षा सहा डिग्री ओळखणारे चार हेडसेट आणि चालायला जागा मी केव्हाही पत्करीन.

दुसरी, एकाने हेडसेट लावायचा आणि बाकीच्यांनी प्रोजेक्टरवर बघायचं, हा कार्यक्रम पाहुण्यांना डेमो देण्यापुरता ठीक आहे. त्याला प्रॅक्टिकल म्हणू नका. प्रत्येकाला दहा मिनिटंच मिळाली तरी चालतील, पण ती त्याची स्वतःची हवीत.

तिसरी, थ्री-सिक्स्टी व्हिडिओ दाखवायचा असेल तर त्याला व्हिडिओच म्हणा. पॉवर प्लँटची सफर म्हणून तो छानच आहे. पण तो बघितला म्हणून खरी इंडस्ट्रियल व्हिजिट रद्द करू नका. बॉयलरच्या जिन्यावर चढताना बॉयलरचा आकार जो कळतो तो पायांना कळतो. घाम फुटल्याशिवाय दहा मीटर म्हणजे किती ते समजत नाही.

चौथी सूचना बिनखर्चाची आहे. ग्राफिक्सच्या तासाला बटाटे आणा. हो, मेसमधले बटाटे! त्यातून कोन कापा, सिलिंडर कापा, सेक्शन प्लेन सुरीने खरंच घ्या आणि तो तुकडा हातात धरून स्वतः त्याच्याभोवती डोकं फिरवून बघा. साबणाची वडीही चालते. हातात सहाही डिग्री ऑफ फ्रीडम आहेत, उशीर शून्य मिलिसेकंद, आणि मळमळ फक्त बटाटा कच्चा खाल्ला तरच. व्हीआर याच्या पुढची पायरी आहे, जिथे वस्तू बटाट्याएवढी करता येत नाही तिथे ती खरी कामाची : धरणाचा दरवाजा, टर्बाइनचं पोट, उच्च दाबाचं सबस्टेशन. आपल्या रस्त्याच्या टोकाला गंगापूर धरण आहे. त्याच्या दरवाज्याखाली उभं राहून तो उघडताना कसा दिसतो हे कुणालाही प्रत्यक्ष दाखवता येणार नाही. व्हीआरमध्ये दाखवता येईल. पण तिथेही विद्यार्थ्याला वाकून दरवाज्याच्या मागे बघता आलं पाहिजे, नाहीतर काकांचा निकाल ठरलेलाच आहे.

ज्युनिअर मित्रांना शेवटचं एकच सांगणं. ही चार पानं खुर्चीत किंवा कॉटवर पडून वाचली असतील, तर हरकत नाही, वाचन तसंच होतं. पण उद्याच्या प्रॅक्टिकलला ग्रुपमध्ये मागे उभे राहू नका. पुढे या, वाका, मशीनला वळसा घाला, सर रागावणार नाहीत अशा बेताने नॉबला हात लावा. सर-मॅडम, तुम्हालाही एक विनंती : मागच्या रांगेतल्या कुणाला तरी नावाने पुढे बोलवा. टोपलीतून उतरायला कुणीतरी ‘ये’ म्हणावं लागतं.